दुसरं पारडं

मुंबईच्या लोकल स्टेशनांवर पूर्वी वजनाची यंत्रं असायची. वर चढायचं, काचेआडची रंगीत चाकं गरगरून थांबायची वाट बघायची आणि मग नाणं टाकायचं. खटकन एक पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. त्यावर वजनाचा आकडा आणि सोबत भविष्याची एक ओळ. मोठी माणसं आकडा बघायची, पोरं भविष्य वाचायची. वजन घटवणाऱ्या औषधांचा इतिहास चाळताना ते तिकीट मला सारखं आठवतं. या औषधांनी आकडा नेहमी लगेच हातात दिला. भविष्य मात्र पाच-दहा वर्षांनी कळलं, आणि तेही बहुतेकदा दुसरंच काही तपासायला बसलेल्या माणसाला.

आता पुन्हा एक औषध आलंय. आठवड्याला एक टोचणी, पोटाच्या कातडीखाली. अनेक घरांत फ्रीजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी त्याचं पेन उभं असतं. ‘घ्यावं का?’ हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत विचारला जातो, त्याहून जास्त लग्नाच्या पंगतीत विचारला जातो. फायदा आणि धोका तोलायचा तर आधी तराजू कसा घडत गेला ते बघावं लागतं. कारण एका पारड्यात काय टाकायचं, हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. दुसऱ्या पारड्यात काय टाकायचं, हे शिकायला मात्र सव्वाशे वर्षं गेली.

लठ्ठपणा हा आजार आहे ही कल्पना जुनीच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांमध्ये अतिस्थूल आणि अतिकृश दोघेही येतात. तिथलं एक निरीक्षण आजही थबकायला लावतं. मेदाने वाटा अडतात, वायू कोठ्यातच फिरत राहतो, त्यामुळे अग्नी भडकतो आणि भूक अनावर होते. म्हणजे खादाड म्हणून लठ्ठ, एवढंच नाही. लठ्ठ म्हणूनही भूक जास्त. उपाय सांगितलाय तो पचायला जड पण पोषण न करणाऱ्या अन्नाचा. पोट भरावं, पण अंगी लागू नये. ‘अंगी लागणं’ हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द. दुष्काळ बघितलेल्या मुलखात दुसरं काय असणार! बाळाला बाळसं यावं, सुनेच्या अंगावर चार माणसांत मूठभर मांस दिसावं, ही इच्छा काल-परवापर्यंत होती. न अंगी लागणारं अन्न विकत घ्यावं लागेल, हे त्या पिढीला खरं वाटलं नसतं.

गोळ्यांची वंशावळ सुरू होते ती मेंढीच्या गळ्यापासून. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरने, थायरॉइड ग्रंथी मंदावल्यामुळे सुजलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. तिची सूज उतरली, अंगात हुशारी आली. ते खऱ्या अर्थाने जीव वाचवणारं औषध होतं. पण त्याने वजन उतरतं हे दिसताच, ज्यांची ग्रंथी ठणठणीत होती अशा लठ्ठ लोकांनाही ते मिळू लागलं. त्यांचं वजन घटलं. त्यात चरबीबरोबर स्नायूही गेले आणि हृदयाची धडधड वाढली. घराण्याची रीत या पहिल्याच पूर्वजाने घालून दिली. औषध एका आजाराचं, वजन घटणं हा त्याचा आगंतुक परिणाम, आणि दुकान चालतं ते त्या आगंतुकावर.

दुसरा पूर्वज दारूगोळ्याच्या कारखान्यातून आला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफगोळे भरण्यासाठी डायनायट्रोफेनॉल नावाची पिवळी पूड वापरत. तिथले कामगार घामाने निथळायचे, त्यांना ताप चढायचा, ते वाळत जायचे, काही जण मेले. १९३३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कटिंग आणि टेंटर या संशोधकांनी हीच पूड मोजक्या मात्रेत लठ्ठ रुग्णांना दिली. वजन खरंच उतरलं. शरीराची प्रत्येक पेशी अन्न जाळून मिळालेली ताकद साठवते. या पुडीने त्या साठवणीलाच भोक पडतं आणि ताकद नुसती उष्णता होऊन निघून जाते. चुलीवर काही न ठेवता लाकडं जाळावीत, तसं. वर्षभरातच अमेरिकेत सुमारे एक लाख लोकांनी ती घेतल्याचा टेंटर यांचा अंदाज होता. मग तरुण बायकांना मोतीबिंदू होऊ लागले. मात्रा थोडी जास्त झाली तर ताप इतका चढायचा की माणूस आतून शिजून मरायचा, आणि त्यावर उतारा नव्हता. १९३८ मध्ये अमेरिकेत औषधांचा नवा कायदा आला आणि ही पूड हद्दपार झाली. कागदोपत्री. इंटरनेटवर ती आजही विकली जाते आणि माणसं मारते. ब्रिटनला २०२३ मध्ये तिची गणना नियंत्रित विषांत करावी लागली.

तिसऱ्याचा जन्म चोंदलेल्या नाकातून झाला. बेन्झेड्रिन हे अ‍ॅम्फेटामिन १९३० च्या दशकात सर्दीवर हुंगायच्या नळीतून विकलं जायचं. त्याने झोप उडायची, हुरूप यायचा आणि भूक मरायची. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागं ठेवायला तेच वापरलं. युद्ध संपल्यावर ते गृहिणींच्या पर्समध्ये गेलं. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत वजन उतरवणाऱ्या दवाखान्यांचं पेव फुटलं. तिथे चिठ्ठीऐवजी रंगीबेरंगी गोळ्यांचं पाकीटच हातात पडायचं. भूक मारायला अ‍ॅम्फेटामिन. त्याने उडालेली झोप आणायला बार्बिच्युरेट. चरबी जाळायला थायरॉइड. लघवीवाटे पाणी काढून काट्यावर लगेच फरक दाखवायला आणखी एक. आणि हृदयावर परिणाम करणारं डिजिटॅलिससुद्धा. एका गोळीची चूक दुसरीने झाकायची, दुसरीची तिसरीने. १९६८ च्या जानेवारीत ‘लाइफ’ मासिकाने एक हकीकत छापली. त्यांच्या सुझाना मॅक्बी या पत्रकार बाई दहा डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. बाई मुळात लठ्ठ नव्हत्याच. तरी त्यांच्या हाती पडल्या १,४७९ गोळ्या. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि या सप्तरंगी पुड्यांवर कारवाई सुरू झाली. युरोपात अमिनोरेक्स नावाची वेगळी गोळी १९६५ मध्ये आली होती. दोन-तीन वर्षांतच स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांपुढे धाप लागलेले रुग्ण येऊ लागले. त्यांच्या फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब जीवघेणा वाढलेला होता.

इतकं झाल्यावर शहाणपण यायला हवं होतं. आलं ते अर्धं. गुंगी, व्यसन, धडधड हे धोके लोक ओळखू लागले, कारण ते लगेच दिसतात. सावकाश येणारे धोके तसेच अंधारात राहिले. फेन-फेनची कथा म्हणून सविस्तर सांगण्यासारखी आहे.

फेनफ्लुरामाइन भूक शमवतं पण सुस्ती आणतं. फेंटरमाइन भूक मारतं पण अस्वस्थ करतं. दोघांची जोडी लावली तर एकमेकांचे दोष झाकले जातील, अशी कल्पना रॉचेस्टर विद्यापीठाच्या मायकेल वाइनट्राउब यांनी १२१ रुग्णांवर तपासली आणि १९९२ मध्ये छापली. जोडी म्हणून या दोन औषधांना सरकारी मान्यता कधीच नव्हती. सुटी मान्यता असलेली दोन औषधं डॉक्टर एकत्र लिहून देत. तेवढं पुरलं. अमेरिकेत लाखो चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. १९९६ मध्ये डेक्सफेनफ्लुरामाइन ही सुधारित आवृत्तीही मंजूर झाली.

याच काळात नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईंना पडद्यावर काही विचित्र दिसत होतं. जेमतेम चाळिशीच्या बायका, आणि हृदयाच्या झडपा जाड, पांढुरक्या, नीट न मिटणाऱ्या. अशा झडपा एरवी क्वचित दिसतात. या बायकांत समान धागा कोणता? त्या सगळ्या वजनाच्या गोळ्या घेत होत्या. फार्गोचे आणि मेयो क्लिनिकचे डॉक्टर एकत्र आले आणि १९९७ च्या उन्हाळ्यात त्यांनी २४ स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. १५ सप्टेंबर १९९७ ला फेनफ्लुरामाइनची दोन्ही रूपं बाजारातून गेली. वजन उतरवायच्या चाचणीत झडपा कुणी तपासल्याच नव्हत्या. त्या कशाला तपासायच्या? काटा तर खाली येत होता!

फ्रान्समध्ये हाच पाढा आणखी लांबला. फेनफ्लुरामाइनचं जवळचं भावंड असलेलं बेनफ्लुओरेक्स ‘मेडिएटर’ या नावाने १९७६ पासून विकलं जात होतं. वेष्टणावर मधुमेह, पण घेणाऱ्यांतल्या अनेकांना वजन उतरवायचं होतं. ब्रेस्ट शहरातल्या फुफ्फुसविकारतज्ज्ञ इरेन फ्राशों यांनी एकेका रुग्णाच्या फायली जुळवत पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २००९ मध्ये ते थांबलं. २०२१ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सर्व्हिए या कंपनीला फसवणूक आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरवलं. औषध थांबेपर्यंत सुमारे ५० लाख लोकांनी ते घेतलं होतं.

याच कथेची एक शेपटी फार थोड्यांना ठाऊक आहे. २०२० मध्ये फेनफ्लुरामाइन परत आलं, द्रावे सिंड्रोम या लहान मुलांच्या दुर्धर अपस्मारावर. मात्रा कमी, उपचाराआधी हृदयाची सोनोग्राफी सक्तीची, चालू असताना दर सहा महिन्यांनी पुन्हा. औषध तेच, झडपांचा धोकाही ठाऊक असलेला. पण समोर दिवसातून अनेकदा आचके येणारं मूल आहे, हे दिसलं की तराजू वेगळा झुकतो. धोका एकट्या औषधात नसतो. तो घेणारा कोण, यात निम्मा असतो.

फेन-फेन गेलं त्याच वर्षी सिब्युट्रामाइन आलं. या वेळी मात्र एक नवी गोष्ट झाली. नियामकांनी कंपनीला सांगितलं, किलो पुरे, हृदय मोजा. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे १०,००० लोकांची मोठी चाचणी झाली, ‘स्काउट’ नावाची. २०१० मध्ये निकाल छापून आला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरे औषध घेणाऱ्यांत ११.४ टक्के, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत १० टक्के. वजन घटलं होतं, तरी हृदय जास्त बिघडलं होतं. इथे एक मोठा समज कोसळला. वजन घटलं म्हणजे तब्येत सुधारलीच, असं नसतं. युरोप-अमेरिकेने ते औषध काढलं, भारताने २०११ च्या फेब्रुवारीत बंदी घातली. तरीही ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंगच्या पुड्यांत सिब्युट्रामाइन मिसळलेलं पुन्हा पुन्हा सापडत आलं आहे.

रिमोनाबँटचं तर्कशास्त्र आपल्याला होळीला कळतं. भांग घेतली की माणूस खा-खा करतो. मेंदूतलं जे दार भांगेने उघडतं, ते बंद केलं तर भूक शमेल, हा विचार बरोबर ठरला. पण त्या दारातून आनंदही आत येत होता. २००६ मध्ये युरोपात आलेलं हे औषध, नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये थांबवावं लागलं. ऑर्लिस्टॅट तेवढं टिकलं. ते आतड्यात चरबीचा काही भाग शोषूच देत नाही. न शोषलेलं तेल कपड्यांपर्यंत पोचतं, त्यामुळे घेणाराच पथ्य पाळायला लागतो.

आता आजच्या इंजेक्शनाचा पूर्वज. अ‍ॅरिझोना आणि उत्तर मेक्सिकोच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा राहतो. वर्षात मोजक्या वेळा खातो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जॉन एंग यांनी त्याच्या विषातून एक्सेंडिन-४ वेगळं काढलं, १९९२ मध्ये. ते जीएलपी-१ या आपल्या आतड्यातल्या संप्रेरकासारखं वागायचं. जीएलपी-१ चा शोध १९८० च्या दशकात जोएल हेबेनर, स्वेतलाना मोयसोव, येन्स होल्स्ट अशांच्या कामातून लागला होता. जेवल्यावर ते पाझरतं, इन्सुलिनला हाक मारतं, जठर सावकाश रिकामं व्हायला लावतं, मेंदूला ‘पुरे’ म्हणून सांगतं. अडचण एवढीच की रक्तात ते एक-दोन मिनिटांत मोडून पडतं. सरड्याचं भावंड तासन्‌तास टिकायचं. त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड २००५ मध्ये मधुमेहासाठी मंजूर झालं, दिवसातून दोन टोचण्यांचं. ‘सरड्याच्या विषाचं इंजेक्शन’ हे नाव मात्र आजच्या औषधाला लागू नाही. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कमध्ये लोटे बियेरे क्नुडसेन आणि सहकाऱ्यांनी मानवी जीएलपी-१ लाच मेदाम्लाची शेपटी जोडली, म्हणजे ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतं. लिराग्लुटाइड दिवसभर टिकलं, सेमाग्लुटाइड आठवडाभर.

इथेही घराण्याची रीत सुटली नाही. औषध मधुमेहाचं, वजन घटणं आगंतुक. लिराग्लुटाइडला वजनासाठी मान्यता मिळाली २०१४ च्या अखेरीस, सेमाग्लुटाइडला २०२१ मध्ये, तर दोन संप्रेरकांची नक्कल करणाऱ्या टिर्झेपाटाइडला २०२३ मध्ये. आकडे याआधी गोळ्यांनी कधी दाखवले नव्हते असे आहेत. सेमाग्लुटाइडच्या १,९६१ जणांच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटलं. औषधाविना नुसती टोचणी घेणाऱ्यांचं २.४ टक्के. टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत जवळपास २१ टक्के.

पण फरक किलोंत नाही. फरक आहे तो स्काउटने घालून दिलेल्या परीक्षेत. ४५ वर्षांवरचे, वजन जास्त असलेले, आधीच हृदयविकार झालेले पण मधुमेह नसलेले १७,६०४ लोक ‘सिलेक्ट’ या चाचणीत होते. सुमारे तीन वर्षं चार महिन्यांच्या काळात हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात सेमाग्लुटाइड घेणाऱ्या ६.५ टक्के लोकांना झाला, न घेणाऱ्या ८ टक्के लोकांना. हजारात पंधरा माणसं यातून वाचली. या घराण्यातल्या एका सदस्याने दुसऱ्या पारड्यासमोर उभं राहून परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. हा निकाल ऐतिहासिक आहे, यात वाद नाही. मात्र तो कुणाबद्दल आहे, हेही वाचायला हवं. हृदयविकार झालेल्या पंचेचाळिशीपुढच्या माणसांबद्दल. साखरपुड्याआधी सहा किलो उतरवू पाहणाऱ्या तरुणीबद्दल तो काहीच सांगत नाही.

आता दुसरं पारडं. त्याच सिलेक्ट चाचणीत त्रासामुळे औषध सोडणारे १६.६ टक्के होते, बिनऔषधवाल्या गटात ८.२. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ हे नेहमीचे. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाचा दाह. उंदरांत थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठी दिसल्या, म्हणून तशा कर्करोगाचा घरात इतिहास असलेल्यांना ते देत नाहीत. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटणं हा सेमाग्लुटाइडचा अतिदुर्मीळ दुष्परिणाम आहे, असं युरोपच्या औषध संस्थेने २०२५ मध्ये मान्य केलं. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. आणि थांबवल्यावर काय? सेमाग्लुटाइडच्या त्या १,९६१ जणांच्या चाचणीनंतर वर्षभर पाहिलेल्या गटात घटलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश परत आला होता. म्हणजे हे प्रतिजैविकासारखं आठ दिवसांचं औषध नव्हे. रक्तदाबाच्या गोळीसारखं चालू ठेवायचं. भारतात मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड आलं तेव्हा सर्वांत लहान मात्रेची एक कुपी ३,५०० रुपयांची होती. आठवड्याला एक, महिन्याला चौदा हजार. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपलं की भाव उतरतात हे उघड आहे. गरजूंना ते हवंच आहे, पण सैल हातांनी लिहिलेल्या चिठ्ठ्याही त्याच भावाने वाढतील.

आपल्यासाठी या पारड्यात आणखी एक वजन आहे, आणि ते पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. काटा एकच आकडा दाखवतो, आत माणसं वेगळी असतात. बारीक दिसणारा, तरी आतून मेदाचा, हातापायांत स्नायू कमी असा हा भारतीय देह. म्हणून आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, पाश्चात्त्यांत ३० पुढे. सेमाग्लुटाइडच्या मूळ चाचणीतल्या एका गटाचं शरीर तपासलं तेव्हा घटलेल्या वजनात एक-तृतीयांशाहून जास्त वाटा चरबीव्यतिरिक्तचा होता. ज्याच्याकडे स्नायूंची शिल्लक आधीच कमी, त्याने प्रथिनं आणि व्यायाम न सांभाळता हे औषध घेतलं, तर तो पोटाबरोबर हातपायही खर्चात टाकतो. मेंढीच्या थायरॉइडने हेच केलं होतं.

म्हणून निवाडा असा. ज्याची साखर, रक्तदाब, हृदय, गुडघे किंवा झोपेतला श्वास लठ्ठपणामुळे बिघडलाय, त्याला ‘तोंड आवर’ एवढंच सांगून घरी पाठवणं हा अन्याय आहे. भूक अनावर होणं हा त्याचा गुन्हा नाही, चरकाच्या काळापासून ते नोंदलेलं आहे. अशा माणसाने हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावं. पण मेडिकलच्या काउंटरवर, ओळखीतून, चिठ्ठीविना घेऊ नये. आणि डॉक्टरांकडे गेलात तर ‘किती किलो उतरतील?’ हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा की माझं नेमकं काय बिघडलंय, स्नायू टिकवायला काय करायचं आणि हे किती वर्षं चालवायचं. लग्नाआधी दहा किलो, ही कुठल्याही आजाराची व्याख्या नाही.